दोन चमचे पिपरमेंट

कांतीलालशेठच्या घरात पाणी गाळून पितात. कांदा, लसूण, बटाटा उंबऱ्याच्या आत येत नाही. चातुर्मासात पालेभाजी बंद, कारण पानामागे अळी असू शकते. ओट्यावर मुंगी दिसली तर शेठाणी मंजूबाई तिला कागदावर चढवून घेतात आणि तुळशीच्या कुंडीत सोडून येतात. याच घरात सुनेला, हर्षिताला, तीन वर्षांत तेरा वेळा मार बसला. आकडा बेबाबाईचा, म्हणजे त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईचा. तिने फक्त डोळ्यांदेखत बसलेला मार धरलाय, म्हणजे सकाळी आठ ते दहाचा. उरलेल्या बावीस तासांबद्दल गल्ली अंदाज करते, आणि आमची गल्ली अंदाजात कंजुषी करत नाही.

मारणाऱ्या नवऱ्याचं नाव संयम. नाव आत्याने ठेवलं होतं. आत्या हल्ली सुरतेला असते आणि भाच्याचा विषय निघाला की तिकडे नेमकी रेंज जाते.

संयम अमळनेरात बापाच्या दुकानात बसतो. किराणा, मसाले आणि जडीबुटी. गिऱ्हाइकाशी गोड, हमालाशी बरा, आईबापासमोर मान खाली. वर्षभराचा सगळा राग एकाच खात्यावर टाकायचा ही त्याची पद्धत. मग भाद्रपदात संवत्सरी येते. जैन घरांत त्या दिवशी वर्षभरात दुखावलेल्या प्रत्येक जिवाची माफी मागतात, मिच्छामि दुक्कडम् म्हणतात. संयमसुद्धा मागतो. हात जोडलेल्या चित्राचा एकच मेसेज चारशे बारा नंबरांना एका बोटाने जातो. त्यात मुंबईचे व्यापारी असतात, ट्रान्सपोर्टवाला असतो, आणि त्याच खोलीत चादर घडी करत बसलेली हर्षिताही असते. तिचाही फोन वाजतो. ती पाहते आणि घडी पुरी करते. दुसऱ्या दिवसापासून पाटी कोरी.

हर्षिताचं माहेर धुळ्याचं. तिथे तिच्या भावाचं, श्रेयांसचं, वह्यापुस्तकांचं दुकान आहे. चाळीसगावात एक बेकरी बंद पडली तेव्हा त्याने तिथला विजेचा ओव्हन स्वस्तात उचलला आणि टेम्पोत घालून बहिणीच्या दारात आणून ठेवला. उंची कमरेएवढी, समोर काच, आत चार ट्रे. संयमने तो मागच्या पडवीत ठेवू दिला, पण सगळ्यांसमोर एक अट घालून.

"एक जरी ऑर्डर परत आली ना, तर हे खोकं भंगारात. मग रडत बसायचं नाही."

त्याला वाटलं महिनाभरात येईल. वर्ष झालं, एकही आली नाही. वाढदिवसाचे केक, बिनअंड्याची बिस्किटं, दिवाळीची नानकटाई. पडवीतल्या त्या खोक्यासमोर हर्षिता उभी असली की तिचे खांदे वेगळेच दिसायचे, हे समोरच्या गॅलऱ्यांतून सगळ्यांनी पाहिलंय. त्या घरात तिचं म्हणावं असं ते एकच होतं, आणि ते तिच्याकडे ठेवायचं की नाही हे दर ऑर्डरला नव्याने ठरायचं.

डिसेंबरात धुळ्याच्या एका इंग्रजी शाळेने नाताळच्या सुट्टीआधीच्या मेळ्यासाठी सहाशे कुकीज मागवल्या. चोवीस तारखेला सकाळी दहाला पोचवायच्या. कुकीजही साध्या नाहीत: चॉकलेट आणि पेपरमिंटच्या चक्रीवाल्या. म्हणजे एक पीठ तपकिरी, एक पांढरं. दोन्ही पोळ्यांसारखी लाटायची, एकावर एक ठेवायची, गुंडाळून वळकटी करायची, फ्रीजमध्ये घट्ट करायची आणि मग सुरीने चकत्या पाडायच्या. भाजल्यावर प्रत्येकीत भोवरा दिसतो. तपकिरी भागात चॉकलेट, पांढऱ्यात पेपरमिंटचा गारवा.

"अळूवडीच्या पात्र्यासारखंच की गं," मंजूबाई फोनवरचं चित्र पाहून म्हणाल्या. "फक्त गोड."

"हो मम्मीजी. आवडल्या तर त्या मॅडम दर आठवड्याला कँटीनसाठी घेणार आहेत."

"दर आठवड्याला?" मंजूबाईंनी चित्र पुन्हा एकदा पाहिलं, यावेळी चष्मा लावून.

बावीस तारखेला दुपारी मुंबईहून पेपरमिंटच्या अर्काची बाटली आली. पार्सल संयमने उघडलं, कारण त्या घरात पार्सल तोच उघडतो. बूच काढलं, वास घेतला, मग मागचं लेबल वाचलं. इंग्रजी त्याचं फार नाही, पण अल्कोहोल हा शब्द कुणालाही वाचता येतो.

"दारू," तो म्हणाला. "माझ्या घरात दारू."

"अहो, अर्क त्यातच काढतात. भाजताना उडून जातं ते."

"मला शिकवते?"

बाटली पडवीच्या भिंतीवर फुटली. तिच्यामागे लगेच हर्षिताचं डोकं त्याच भिंतीवर आपटलं. केसांत धरून आपटलं, एकदा, आणि गालावर दोन. बेबाबाई नेमकी उरलेल्या भांड्यांसाठी दुपारी आली होती, त्यामुळे तिचा आकडा चौदावर गेला. मंजूबाई आत सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसल्या होत्या. अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी, तोंडाला मुहपत्ती, मन स्थिर. बाहेरचा आवाज त्यांना गेली तीन वर्षं ऐकू येत होता, आणि तेवढीच वर्षं त्यांचं सामायिक नेमक्या त्याच वेळी लांबत होतं. हे मी वाईट बुद्धीने लिहीत नाही. पुढे त्यांनीच तसं सांगितलं.

हात साफ झाल्यावर संयमचा आवाज मऊ झाला. तो तसा होतोच.

"आपल्याच दुकानात अस्सल माल असताना ही मुंबईची घाण कशाला? शंभर टक्के शाकाहारी. पाठवतो."

आणि त्याने पाठवली पिपरमेंटची पुडी.

इथे एक शब्द नीट पाहून घेऊ, कारण पुढचं सगळं रक्त त्याच्यावर सांडलंय. शाळेच्या मॅडम म्हणतात पेपरमिंट. लहान मुलं गोळीला पेपरमिंट म्हणतात. आणि जडीबुटीच्या दुकानात पिपरमेंट म्हणजे मेंथॉलचे, बर्फाच्या सुयांसारखे पांढरे खडे, पानवाले ज्याचा मोहरीएवढा कण पानात टाकतात आणि बाम करणारे किलोने नेतात. तिन्ही एकाच घराण्यातले, पण तिसऱ्याशी फार सलगी करू नये. संयमला हे माहीत असायला हवं होतं, तो तेच विकतो. पण बायकोला बरोबर काय हवंय हे विचारायला त्याच्याकडे कधीच वेळ नसतो. पुडीवर त्याने ऐटीत लिहिलं: पेपरमिंट, शंभर ग्रॅम.

हर्षिता तेव्हा आत पडून होती. डोक्याला मागे टेंगूळ आलं होतं आणि उठलं की भिंत फिरत होती. तपकिरी पीठ मळून झालं होतं, पांढरं व्हायचं होतं. मंजूबाई सामायिकातून उठल्या, सुनेच्या खोलीत डोकावल्या, काही बोलल्या नाहीत. तोंडाने माफी मागायची सवय वर्षातून एक दिवसाची, त्यामुळे त्यांनी हाताने मागायची ठरवली. पडवीत गेल्या, पदर खोचला आणि सुनेची वही उघडली. वहीत लिहिलं होतं: पांढरं पीठ, दर किलोला पेपरमिंट दोन चमचे. पीठ चार किलो. मंजूबाईंच्या घरात चमचा म्हणजे भाजी वाढायचा. वहीतला चमचा चहाचा, आणि तो अर्काचा, हे त्यांना कोण सांगणार? आठ चमचे घातले. पुडी संपत आली, तळाला चिमूटभर उरली तीही झटकून टाकली. वाया कशाला.

वास आला नाही का, असं गल्लीत सगळे विचारतात. पडवीच्या भिंतीवर अख्खी बाटली फुटलेली. सगळं घरच पेपरमिंट झालं होतं. त्यात मंजूबाईंना तीन दिवसांची सर्दी. मळता मळता त्यांचं चोंदलेलं नाक एकाएकी मोकळं झालं, डोळ्यांना पाणी आलं, आणि त्यांना वाटलं, चांगलं काम केलं की असंच हलकं वाटतं.

वळकट्याही त्यांनीच केल्या. सुरेख केल्या. फ्रीजमध्ये रचल्या आणि सुनेला सांगितलं, "सकाळी फक्त काप आणि भाज." हर्षिताने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मंजूबाईंनाही तो सोडवून घ्यावासा वाटला नाही.

तेवीस तारखेला सकाळी नऊला पहिले चार ट्रे आत गेले. दहाव्या मिनिटाला ओव्हनच्या फटीतून गार धूर यायला लागला. गार धूर कसा असतो हे ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. नाकात बर्फ, डोळ्यांत मिरची. हर्षिताने दार उघडून वरचा ट्रे बाहेर काढला आणि ती तशीच मागे कोसळली. डोळे मिटले तरी आतून जळत होते. मंजूबाई धावत आल्या, त्यांचे डोळे वाहू लागले आणि त्याही खाली बसल्या. बेबाबाई मोरीतून आली आणि पदराने तोंड दाबून तिथेच बसली. शेजारच्या ताईबाईने भिंतीवरून पाहिलं, तीन बायका जमिनीवर, घळाघळा रडतायत. ती घरात गेली, पांढरं लुगडं नेसली आणि पुढच्या दाराने आली.

"कोण गयं वो माय?" तिने विचारलं.

"कोणीच नही," बेबाबाई ट्रेकडे बोट दाखवत म्हणाली. "बिस्किट शेत."

ताईबाई आत आली आणि तीही रडायला लागली.

संयम दुकानातून नाश्त्याला आला तो या देखाव्यात. त्याने ट्रेमधून एक कुकी उचलली. दिसायला देखणी होती, भोवरा अगदी रेखलेला. त्याने अख्खी तोंडात टाकली. पहिल्या क्षणी चॉकलेट. दुसऱ्या क्षणी त्याची जीभ गेली, मग घसा, मग श्वास. तो भिंतीला धरून वाकला, थुंकला, पाणी प्यायला. पाण्याने ते आणखी भडकतं. पाचेक मिनिटं तो माणसात नव्हता. ताईबाईने आयुष्यात पहिल्यांदा त्याला रडताना पाहिलं आणि मन भरून पाहिलं.

मग त्याला आवाज आला.

"कालचा राग काढते माझ्यावर? विष घालते?"

"मला माहीत नाही हो काय झालं. मी—"

दुसरा ट्रे अजून ओव्हनमध्येच होता, लोखंडी, एकशे ऐंशीवर तापलेला. संयमने तो फडक्याने धरून उचलला, कुकीज उडाल्या, आणि सपाट बाजूने तिच्यावर हाणला. हर्षिताने तोंड वाचवायला हात आडवा धरला. ट्रे कोपरापासून मनगटापर्यंत बसला. मांस भाजल्याचा आवाज होतो. तो त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता, त्या घरात तर अंडंही फुटलं नव्हतं. दुसरा फटका खांद्यावर बसला. तिसऱ्याला बेबाबाई मध्ये घुसली आणि त्याच्या कमरेला लोंबकळली.

"मारी टाकशी का तिले? सोड, मी सांगस सोड."

त्याने बेबाबाईला लाथेने मोरीत ढकललं. तिचं कपाळ नळावर आपटलं आणि भुवईतून रक्त आलं. ताईबाई पांढऱ्या लुगड्यात उभी होती. आपण वेळेच्या थोडं आधी आलो की काय, असं तिला वाटायला लागलं होतं.

श्रेयांस माल न्यायला अकराला येणार होता. तो सव्वादहाला आला, कारण धुळ्याहून टेम्पो रिकामा मिळाला. पुढचं दार ताईबाईने उघडंच ठेवलेलं. तो आत आला, बहिणीचा हात पाहिला. कातडी सुरकुतून वर आली होती, चुलीवर तापलेल्या दुधाची साय येते तशी. हा माणूस दिवसभर पेन्सिली विकतो, उंचीने संयमच्या खांद्याला. त्याने मेव्हण्याची कॉलर धरली आणि कपाळ त्याच्या तोंडावर मारलं. संयमचा पुढचा दात ओठातून बाहेर आला. मग दोघं जमिनीवर. कुकीजचा चुरा, तपकिरी, पांढरा आणि लाल. श्रेयांसने त्याचा कान धरून डोकं फरशीवर आपटलं. संयमने त्याच्या बोटाला चावा घेतला आणि सोडेचना. दोघांच्याही डोळ्यांतून पिपरमेंटचं पाणी वाहत होतं, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की भाऊ-भाऊ गळ्यात पडून रडतायत.

कांतीलालशेठ दुकानातून चपला हातात घेऊन धावत आले. सत्तरीचे गृहस्थ. गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन. भांडणं सोडवायला त्यांना बोलावतात. त्यांनी पडवी पाहिली. मुलगा, व्याह्यांचा मुलगा, सून, रक्ताळलेली मोलकरीण, पांढरं नेसलेली शेजारीण. आणि पहिलं वाक्य म्हणाले ते असं:

"आधी दार लावा."

दार लावलं. दोघांना त्यांनी कोपऱ्यातल्या छडीने वेगळं केलं, दोघांच्याही पाठीवर सारखेच वळ उठवून. माणूस न्यायी आहे. मग ते स्टुलावर बसले आणि दुकानात माल खराब निघाला की विचारतात त्याच सुरात म्हणाले, "हं. चूक कोणाची?"

"हिची," संयम थुंकत म्हणाला. "सहाशेची ऑर्डर गेली. अट सगळ्यांसमोर ठरली होती पप्पा."

"पुडी तुम्ही पाठवली," हर्षिता म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"पुडी बरोबर होती. घालणाऱ्याला अक्कल नको? घातली कोणी?"

हर्षिताने तोंड उघडलं आणि मिटलं. तिचं लक्ष सासूकडे गेलंच नाही, मुद्दाम जाऊ दिलं नाही. तिला एव्हाना कळलं होतं. पण काल संध्याकाळी धरलेला तो हात तिच्या लेखी त्या घरातला पहिला हात होता, आणि तो ती सोडणार नव्हती. मंजूबाईंनाही कळलं होतं. त्या ओव्हनशेजारी उभ्या होत्या, हात पोटावर बांधून, ओठ घट्ट. गल्लीत अजूनही वाद होतो की त्या किती वेळ गप्प राहिल्या. ताईबाई म्हणते दोन मिनिटं. बेबाबाई म्हणते तीन वर्षं.

कांतीलालशेठनी निकाल दिला. "ज्याची चूक, त्याचं सामान बाहेर. ओव्हन आज जाईल. विषय संपला. श्रेयांस, तू पण झालं गेलं—"

"जाईल कशाला," संयम उठला. "इथेच संपवतो."

जडीबुटी कुटायचा लोखंडी बत्ता कोपऱ्यात असतो. चार किलोचा. त्याने तो उचलला. हर्षिता ओव्हनपुढे जाऊन उभी राहिली, भाजलेला हात लांब धरून, पाठ काचेला लावून.

"बाजूला हो."

"नाही."

हा शब्द त्या घरात तिने पहिल्यांदा वापरला असावा. संयमने बत्ता वर नेला. तो काचेवर मारणार होता की तिच्यावर, हे त्यालाही सांगता आलं नसतं, आणि नंतर त्याने काचेवर म्हणून कितीही सांगितलं तरी काच तिच्या डोक्यामागे होती.

बत्ता खाली आला नाही. वळकट्या लाटायचं जाड लाटणं, सागवानी, हातभर लांब, त्याच्या मनगटावर बाजूने बसलं. सुक्या फांदीसारखा आवाज झाला. बत्ता त्याच्याच पायावर पडला. तो खाली बसला आणि मनगट जिथे वाकायला नको तिथे वाकलं.

मंजूबाई लाटणं दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या.

"मम्मी," संयम म्हणाला. त्याला दुखण्याआधी आश्चर्य वाटत होतं.

मंजूबाईंनी दुसरा फटका दिला, गुडघ्यावर. तो मोजून दिला. पहिला चुकून बसला असं उद्या कुणी म्हणायला नको, असा त्यांचा चेहरा होता. "संवत्सरीला माफी मागीन तुझी," त्या म्हणाल्या. "अजून आठ महिने आहेत. तोवर लक्षात ठेव."

"मंजू," कांतीलालशेठ उठले. "डोकं फिरलं का? सुनेच्या चुकीसाठी पोटच्या पोराचा हात मोडते?"

"चूक माझी आहे." त्यांनी लाटणं खाली ठेवलं नाही. "ही पडून होती. याने डोकं आपटलं होतं हिचं, तुम्ही दुकानात होतात, मी आत सामायिक करत होते. ऐकत करत होते. दर वेळी ऐकत करते. पांढरं पीठ मी मळलं. आठ चमचे मी घातले. पुडीवर पेपरमिंट लिहिलं होतं, तुमच्या दुकानातनं आली होती, मी कशाला शंका घेऊ?"

संयम कण्हत होता, पण मंजूबाईंनी तिकडे वळूनही पाहिलं नाही.

"आता निकाल पुन्हा सांगा," मंजूबाई म्हणाल्या.

"कसला निकाल?"

"ज्याची चूक, त्याचं सामान बाहेर."

कांतीलालशेठ स्टुलावर बसले. चाळीस वर्षांत गल्लीतले साठ-सत्तर तंटे त्यांनी याच वाक्याच्या जातीच्या वाक्यांनी मिटवले होते. पण निकालाच्या आत आपलंच घर उभं असेल, असा प्रसंग आला नव्हता. "तसं नसतं गं ते," एवढंच ते म्हणाले.

"तसंच असतं." मंजूबाई आत गेल्या आणि एक पिशवी घेऊन आल्या. "श्रेयांस, टेम्पोवाल्याला म्हणावं ओव्हन उचल. मी येते आहे बरोबर. तुमच्याकडे पाणी गाळायचं कापड आहे ना?"

"आहे मावशी."

"अहो," हर्षिता म्हणाली, आणि घरात पहिल्यांदा ती मम्मीजी म्हणायची विसरली. "तुम्ही कशाला?"

"सहाशे कापायच्या आहेत. एका हाताने कापणार का तू?"

ओव्हन उचलायला चार माणसं लागली: टेम्पोवाला, श्रेयांस, डोक्याला फडकं बांधलेली बेबाबाई आणि पांढऱ्या लुगड्यातली ताईबाई. संयमला कांतीलालशेठनी रिक्षात घातलं. गल्लीभर दारं उघडी होती. कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि विचारलं असतं तर इतके दिवस का नाही विचारलं असा उलटा प्रश्न आला असता.

धुळ्यात आधी सरकारी दवाखान्यात गेले. तिथला डॉक्टर तरुण होता, थकलेला. हर्षिताचा हात धुतला, मलम लावलं आणि न पाहता कागद पुढे ओढला. त्याला असे हात रोज दिसत असावेत.

"ओव्हनने भाजलं ना? काम करताना?" त्याचं पेन लिहूही लागलं होतं.

'हो' म्हणण्याची हर्षिताची सवय तीन वर्षांची होती आणि सवय ओठापर्यंत आली होती.

"थांबा," मंजूबाई म्हणाल्या. "माझ्या मुलाने भाजलं. तापलेल्या ट्रेने. दोनदा. डोक्याला मागे टेंगूळ आहे, ते कालचं. तेही लिहा."

डॉक्टरने पेन उचललं. "आजी, मग हे पोलिसांकडे जाईल."

"नाव संयम कांतीलाल," मंजूबाई म्हणाल्या. "पत्ता सांगते."

पोलिसाने जबाब घ्यायला दोन तास लावले. त्यातला अर्धा तास त्याला हे पटवण्यात गेला की फिर्यादीची साक्षीदार ही आरोपीची आईच आहे आणि आरोपीचं मनगट तिनेच मोडलंय. शेवटी त्याने तेही लिहून घेतलं आणि वर चहा मागवला.

मधल्या वेळात श्रेयांस बोटाला पट्टी बांधून बेकरीच्या सामानाच्या दुकानात जाऊन आला. अल्कोहोल नसलेला, तेलातला पेपरमिंट अर्क तिथे सरळ फळीवर होता. कोणीही मागितला असता तर मिळाला असता.

श्रेयांसच्या मागच्या अंगणात ओव्हन लागायला चार वाजले. मंजूबाईंनी तपकिरी पीठ मळायला घेतलं. पांढऱ्या परातीकडे हात नेला तेव्हा हर्षिता म्हणाली, "ते राहू द्या. पांढरं मी सांगते तसं श्रेयांस करेल." मंजूबाईंनी हात मागे घेतला. वाईट वाटलं असेल, पण दाखवलं नाही. हर्षिता खुर्चीवर बसून चहाच्या चमच्याने थेंब थेंब मोजत होती, डाव्या हाताने, कारण उजवा पट्टीत होता. वेदनेने तिला मधूनच ओकारी येत होती. ती उठायची, कोपऱ्यात जायची, चूळ भरून परत बसायची.

पंचवीस कुकीजचा पहिला ट्रे बाहेर आला तेव्हा पावणेसहाला पाच कमी होते. त्या दिवसांत सूर्य सहाच्या आतच जातो, आणि सूर्य गेला की मंजूबाई तोंडात पाणीही घेत नाहीत.

"दे इकडे," त्या म्हणाल्या.

"गरम आहे. आणि आधी श्रेयांसला खाऊ द्या, नाहीतर मी—"

"तू नको. तो नको. मी." त्यांनी फुंकर घातली. "लवकर दे, ऊन भिंतीवर चढलंय."

त्यांनी अर्धी तोडून तोंडात ठेवली आणि डोळे मिटले. श्रेयांस पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला. हर्षिता त्यांच्या पापण्यांकडे पाहत होती. मंजूबाईंनी शांतपणे चावलं, गिळलं, जीभ टाळ्याला लावून पाहिली. मग उरलेली अर्धी खाल्ली, तिच्यावर घोटभर पाणी प्यायल्या आणि तांब्या पालथा घातला.

"हिला म्हणायचं पेपरमिंट," त्या म्हणाल्या. "पुढचा लाव. पाचशे शहात्तर राहिल्या."